नकाराची किंमत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात घालवलं आणि घरात मराठी सोडली नाही. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर बोलायला मी इंग्रजीतले मोजके शब्द निवडले आहेत. फोर्स, कोअर्शन, कंपल्शन, इंड्यूसमेंट, अनड्यू इन्फ्लुअन्स आणि परस्वेजन. एखाद्याकडून काही करवून घेण्याचे हे सारे प्रकार. शब्दकोशात ते एकमेकांच्या शेजारी बसतात, एकाचा अर्थ सांगताना दुसरा पुढे केला जातो. कोर्टात मात्र यांतल्या एकेका शब्दावर करार टिकतो किंवा मोडतो, कबुलीजबाब ग्राह्य ठरतो किंवा फेकला जातो. हा विषय बेंगळुरूत मांडण्यालाही कारण आहे. इथल्या कोरमंगला पोलीस ठाण्याच्या एका खटल्यातून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राज्यघटनेतल्या 'कंपेल' या क्रियापदाचा अर्थ तिथे २०१० साली पणाला लागला. त्या निकालापाशी मी शेवटी येणार आहे, कारण तिथे पोचायला वाटेत बरंच सामान गोळा करावं लागेल.

पहिला शब्द फोर्स. मेकॉलेच्या आराखड्यावरून १८६० साली झालेल्या भारतीय दंड संहितेत कलम ३४९ मध्ये याची व्याख्या होती आणि आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १२८ मध्ये आहे. ती वाचताना आपण कायदा वाचतो आहोत की पदार्थविज्ञान, असा प्रश्न पडतो. दुसऱ्याला गती देणं, त्याची गती बदलणं किंवा थांबवणं, म्हणजे फोर्स. त्या दुसऱ्याला मन आहे की नाही, याची या व्याख्येला गरजच नाही. म्हणूनच इंग्रजीत कुलूपही 'फोर्स' करता येतं. पण कुलुपाला 'कोअर्स' करता येत नाही. कोअर्शनला समोर मन लागतं, भीती समजणारं, हिशेब करणारं मन. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी चारी बाजूंनी कोंडून घालण्याची क्रिया आहे. आपण 'कोंडीत पकडलं' म्हणतो, तेच चित्र. कंपेलच्या मुळाशी गुरं एकत्र हाकणं आहे. आता माणूस कंपेल करतो, तशी परिस्थितीही करते. भूक करते, पाऊस करतो, पुरावाही करतो. मराठीत याला 'भाग पाडणं' इतका चपखल शब्द दुसरा नाही.

इंड्यूसमध्ये धाक नाही, ओढ आहे. आमिष आहे. परस्वेडच्या मुळाशी गोडव्याचा अर्थ आहे आणि कन्व्हिन्सच्या मुळाशी जिंकण्याचा. जुने काटेकोर इंग्रजी शिक्षक या दोन शब्दांत आणखी एक भेद शिकवत. कन्व्हिन्स होतो तो विचार, परस्वेड होते ती कृती. सिगारेट वाईट, हे बहुतेक ओढणाऱ्यांना पटलेलं असतं. सोडायला त्यांचं मन वळलेलं नसतं. 'पटवणं' आणि 'मन वळवणं' हे दोन्ही आपल्याकडे आहेतच.

मराठीची या भागातली श्रीमंती इंग्रजीहून कमी नाही, उलट काही ठिकाणी जास्त आहे. गळ घालणं, मनधरणी करणं, भरीस घालणं, फूस लावणं, दटावणं, वेठीस धरणं. आणि भीड घालणं. इंग्रजी कायद्याला 'अनड्यू इन्फ्लुअन्स' ही दोन शब्दांची जोडणी ज्यासाठी करावी लागली, त्याच्या अगदी जवळ आपली 'भीड' जाते. धमकी नाही, आमिष नाही. समोरचा मोठा आहे, त्याचे उपकार आहेत, त्याच्यापुढे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण, ही म्हण घराघरात आहे, ती भिडेखातर केलेल्या सह्यांचे परिणाम लोकांनी भोगल्यामुळे.

आता माझं म्हणणं सांगतो. या शब्दांची उतरंड आपण जोराच्या मोजमापाने लावतो. सर्वांत वर मारहाण, मग धमकी, मग दबाव, मग आमिष आणि तळाशी मन वळवणं. हे मोजमाप मला अपुरं वाटतं. पंगतीत यजमान जिलबीचा आग्रह करतो, आपण पानावर हात आडवा धरतो आणि तो हसून पुढे जातो. आग्रह मोठा होता, तरी नकार फुकट मिळाला. उलट, आवाज न चढवता, बोट न लावता केलेल्या एखाद्या विनंतीला नाही म्हणायची किंमत घर, नोकरी किंवा जीव असू शकते. म्हणून मी विचारतो तो प्रश्न वेगळा आहे. नकाराचं काय होतं? नाही म्हणता येतं का, आणि म्हटलं तर काय मोजावं लागतं? मन वळवण्यात नकार मोफत असतो. कोअर्शनमध्ये त्याची किंमत धमकी देणारा ठरवतो. अनड्यू इन्फ्लुअन्समध्ये नकार ओठांवरच येत नाही. आणि निव्वळ फोर्समध्ये तो दिला काय, न दिला काय, सारखंच.

हा विचार मी हवेतून काढलेला नाही. कायदा शिकवताना जुने निकाल वाचत गेलो, त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. १८८९ सालचा मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल कराराच्या कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. विद्यार्थी तो परीक्षेपुरता दोन ओळींत पाठ करतात आणि पुढे जातात. तुम्ही त्या दोन ओळींपाशी जरा थांबा. तेरा वर्षांची मुलगी. नवरा नुकताच वारला आहे, प्रेत घरात आहे. नातेवाईक प्रेत उचलू देत नाहीत. आधी आम्ही म्हणतो तो मुलगा दत्तक घे, मग अंत्यविधी. तिने दत्तक घेतला. तिला कोणी मारलं नाही. कदाचित कोणी आवाजही चढवला नसेल. पण त्या घरात, त्या प्रेताशेजारी, तेरा वर्षांच्या पोरीच्या नकाराची किंमत काय होती, याचा विचार करा. न्यायालयाने ते दत्तविधान तिच्यावर बंधनकारक मानलं नाही. तिची संमती मोकळी नव्हती.

'मोकळी संमती' हा १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा कणा आहे. कलम १५ कोअर्शनचं. दंड संहितेने मनाई केलेली कृती करणं किंवा करण्याची धमकी देणं, किंवा कोणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं, आणि हे सारं समोरच्याने करार करावा म्हणून. कलम १६ अनड्यू इन्फ्लुअन्सचं. दोघांचं नातं असं की एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकतो आणि ती वापरून गैरफायदा घेतो. या कलमाखाली शिकवला जाणारा अलाहाबादचा १८९० चा निकाल एका भक्ताचा आहे. परलोकी आत्म्याचं भलं होईल म्हणून त्याने सगळी मालमत्ता गुरूच्या नावे केली होती. गुरूने धमकी दिली नव्हती, तरी न्यायालयाने ते दान रद्द केलं.

मद्रासचाच आणखी एक निकाल आजच्या विषयाला फार जवळचा आहे. १९१७ साल. एका नवऱ्याने बायकोला आणि मुलाला धमकी दिली की माझ्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र लिहून द्या, नाहीतर मी जीव देतो. त्यांनी लिहून दिलं. प्रश्न असा की आत्महत्येची धमकी हे कोअर्शन होतं का? आत्महत्या करून मेलेल्याला शिक्षा देता येत नाही, मग दंड संहितेने ती 'मना केलेली' कृती कशी म्हणायची? तीनपैकी दोन न्यायाधीश म्हणाले, शिक्षा देता येत नाही म्हणून ती कृती मोकळी ठरत नाही. ती मनाच केलेली आहे, म्हणून हे कोअर्शनच. तिसऱ्याचं मत वेगळं पडलं. स्वतःच्या जिवावर उठून दुसऱ्याला कोंडीत पकडता येतं, हे भारतीय न्यायालयाने १९१७ साली मान्य केलं होतं. हा निकाल लक्षात असू द्या, पुढे येरवड्याला तो कामी येणार आहे.

पण त्याआधी पुणे आणि औरंगाबाद. मराठी माणसाने या विषयावर बोलायचं आणि ताई महाराज प्रकरण टाळायचं, हे मला जमणार नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली वारले. मृत्युपत्राने नेमलेल्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे होते. मागे राहिली तरुण विधवा, ताई महाराज. पोटचा मुलगा अल्पायुषी ठरला आणि दत्तकाचा प्रश्न आला. जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादला गेले आणि २८ जूनला जगन्नाथ या मुलाचं दत्तविधान झालं. दोनच महिन्यांत ताई महाराजांनी कोल्हापुरातला दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि औरंगाबादचं दत्तविधान आपल्या इच्छेने झालंच नाही, अशी बाजू उभी राहिली. तिथून जे सुरू झालं ते चौदा वर्षं चाललं. दिवाणी दावा, फौजदारी खटला, टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप, शिक्षा आणि १९०४ मध्ये उच्च न्यायालयातून सुटका. दिवाणी दाव्यात खालच्या कोर्टाचा कौल टिळकांच्या बाजूने आला. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, १९१० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरवला. मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून जगन्नाथचं दत्तविधान कायम केलं. साक्षीदाराला उलटतपासणीत तोंडावर न विचारता त्याच्यावर कटाचा ठपका ठेवता येत नाही, हे त्या निकालातलं तत्त्व वकील आजही सांगतात.

त्याच औरंगाबादेतले तेच जूनचे दिवस, तीच माणसं, तेच साक्षीदार. एका कोर्टाला त्यात वडीलधाऱ्यांनी समजावून घडवलेला निर्णय दिसला, दुसऱ्याला तो टिकण्याजोगा वाटला नाही. पुराव्याच्या दृष्टीने प्रिव्ही कौन्सिल बरोबर होतं, असं मला वाटतं. टिळकांवर झालेला खोट्या साक्षीचा आरोप अन्यायाचा होता, याबद्दल मला शंका नाही. पण हे सगळं वाचताना मला एक गोष्ट छळते. दोन्ही बाजूंना कर्ते पुरुष. एक बाजू म्हणते, तिकडच्यांनी तिला दडपलं. दुसरी म्हणते, इकडच्यांनी तिला फितवलं. दत्तक घेण्याचा अधिकार जिचा, तिला स्वतःला मुळात कोणता मुलगा हवा होता, की कोणताच नको होता, हे हजारो पानांच्या दप्तरातून बाहेर येत नाही. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला तेव्हा ताई महाराज हयात नव्हत्या. कायदा तिची संमती मोकळी होती का, एवढंच विचारत राहिला. तिला नकार देण्यासाठी कोणतीच तिसरी जागा नव्हती. एका पुरुषाला नाही म्हणायचं तर दुसऱ्याच्या आश्रयाला जावं लागत होतं, आणि ती तशी गेली.

आता उपोषण. इथे मी अवघड वाटेवर पाय टाकतो आहे, याची मला जाणीव आहे. ज्या दोन माणसांविषयी बोलायचं आहे, ती दोन्ही माझ्यासाठी पूज्य आहेत.

गांधीजींना या प्रश्नाची टोचणी पहिल्यापासून होती. १९१८ च्या मार्चमध्ये अहमदाबादच्या गिरणी संपात त्यांनी उपोषण केलं ते संप ढिला पडू नये म्हणून, कामगारांसाठी. पण गिरणीमालक त्यांचे स्नेही होते, अंबालाल साराभाई तर घरचेच. त्यांच्यावर या उपोषणाचा दाब येणार हे उघड होतं आणि त्यामुळे त्या उपोषणात गंभीर दोष राहिला, हे त्यांनी आत्मकथेत कबूल केलं. १९३९ मध्ये राजकोटला उपोषणामुळे व्हाइसरॉयने मध्यस्थी केली, सरन्यायाधीश ग्वायर यांचा निवाडा गांधीजींच्या बाजूने आला. तरी गांधीजींनी तो निवाडा सोडून दिला. त्यात सक्ती मिसळली होती, असं त्यांना वाटलं. हाती आलेला जय या कारणासाठी परत करणारा राजकारणी मला दुसरा माहीत नाही.

म्हणूनच १९३२ चा प्रसंग अधिक दुखतो. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांचा जातीय निवाडा आला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात गांधीजींचं प्राणांतिक उपोषण सुरू झालं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा वाढून १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. गांधीजींच्या मते हे उपोषण हिंदू समाजाच्या सद्सद्विवेकाला आवाहन होतं. सवर्णांपुरतं ते खरंही होतं. त्या आठवड्यात देशभर मंदिरं आणि विहिरी खुल्या झाल्या, त्या कोणी धमकावल्यामुळे नाही. पण सही करायची होती ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. ते नाही म्हणाले असते तर? गांधीजी गेले असते तर गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर काय कोसळलं असतं, हे बाबासाहेबांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या नकाराची किंमत त्यांना स्वतःला द्यायची नव्हती. ती द्यायची होती हजारो निराधार माणसांना. पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या उपोषणाला असहाय लोकांवरचं अत्यंत वाईट कोअर्शन म्हटलं. तो शब्द त्यांनी रागात टाकलेला नाही. बॅरिस्टर माणूस होता, त्याला कलम १५ माहीत होतं. मद्रासचा १९१७ चा तो निकाल इथे आठवा. मला बाबासाहेबांचं बरोबर वाटतं. एकच उपोषण एका गटासाठी मन वळवणं आणि दुसऱ्या माणसासाठी कोंडी असू शकतं, हे या प्रसंगाइतकं स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही.

याच्या शेजारी पंढरपूर ठेवतो. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी आधी महिनोन्महिने महाराष्ट्र पिंजून काढला. सभा, गाणी, गावोगावचे पाठिंब्याचे ठराव. मग १ मे १९४७ ला उपोषण सुरू केलं. ते थांबवावं असा गांधीजींचाही निरोप आला, तरी गुरुजी नम्रपणे ठाम राहिले. दादासाहेब मावळंकरांची मध्यस्थी झाली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. इथे दाब नव्हता असं मी म्हणणार नाही. पण पंढरीचे बडवे दुबळे नव्हते. मंदिराच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या, नाही म्हटलं असतं तर त्यांच्या वस्त्या जळणार नव्हत्या. शिवाय उपोषणाआधी समजावण्याचा सारा रस्ता गुरुजी चालून आले होते. माझ्या मोजमापाने पंढरपूर येरवड्यापासून फार दूर आहे, आणि उपाशी माणूस दोन्हीकडे तितकाच हळवा, तितकाच शुद्ध होता.

कायद्याने मात्र वेगळाच भेद कोरडेपणाने नोंदला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना सरसकट गुन्हा राहिला नाही. पण कलम २२६ आहे. लोकसेवकाला त्याच्या कामात 'कंपेल' करण्याच्या किंवा अडवण्याच्या हेतूने आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. जीव देणं गुन्हा नाही, जीव पणाला लावून सरकारी अधिकाऱ्याला भाग पाडणं गुन्हा. या कलमाने उद्याचा एखादा साने गुरुजी तुरुंगात जाऊ शकतो, ही भीती मला अनाठायी वाटत नाही. सत्तेच्या हाती सर्व प्रकारची सक्ती असताना निःशस्त्र माणसाच्या हातातली ही एक सक्ती तेवढी गुन्हा व्हावी, हे मला पटत नाही.

शासनाच्या भाषेतली एक ताजी गोष्ट थोडक्यात सांगतो. १६ एप्रिल २०२५ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. ओरड झाली. १७ जूनच्या सुधारित निर्णयात 'अनिवार्य' हा शब्द गेला आणि 'सर्वसाधारणपणे' आला. दुसरी भाषा हवी असेल तर घेता येईल, पण वर्गात तशी मागणी करणारी किमान २० मुलं हवीत. सक्ती गेली म्हणून काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मराठी पालकांना मात्र फरक बरोबर कळला. माझ्या एकट्या मुलाच्या नकाराला किंमत नाही, आणखी एकोणीस घरं शोधून आणा, मग बोला. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. कर्नाटकात राहणाऱ्या तुम्हाला भाषेची सक्ती आणि भाषेचं प्रेम यांतली रेघ माझ्याहून चांगली ठाऊक आहे, त्यामुळे यावर अधिक बोलत नाही.

आता कोरमंगला.

राज्यघटनेचं कलम २०(३) एका वाक्याचं आहे. कोणत्याही गुन्ह्याच्या आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास कंपेल केलं जाणार नाही. १९६१ मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी हे वाक्य तपासलं. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष नव्हे, असं ठरलं. कंपल्शन ही बाहेरून दिसणारी, वस्तुनिष्ठ कृती आहे, आरोपीच्या मनाला काय वाटलं ते नव्हे, असंही बहुमताने म्हटलं. पण एक अपवाद ठेवला. बाहेरच्या एखाद्या प्रक्रियेने मनच असं घडवलं की बोलणं आपखुशीचं उरलं नाही, तर ती जुलमाने काढलेली साक्ष. १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी कंपल्शनची हद्द वाढवली. मारहाणच हवी असं नाही. मानसिक छळ, चौकशीचा थकवून टाकणारा लांबलचक मारा, धाकाचं वातावरण, हेही त्यात येतं.

याच बेंगळुरूतली न्यायवैद्यक प्रयोगशाळा त्यानंतर देशभर गाजली ती नार्को चाचण्यांसाठी. बनावट मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी, आपल्या सीमाभागातल्या खानापूरचा, त्याचीही चाचणी झाली आणि ती दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिली. सोडियम पेंटोथॉल हे भूल देण्याचं औषध. ते शिरेतून हळूहळू दिलं की माणूस पुरता झोपत नाही आणि पुरता जागाही राहत नाही. त्या मधल्या गुंगीत त्याला प्रश्न विचारतात. तो पुटपुटतो, हसतो, कधी विचारलेल्या नावालाच होकार देत राहतो. १९२२ मध्ये टेक्सासच्या रॉबर्ट हाउस नावाच्या डॉक्टराने स्कोपोलामीन हे औषध असं वापरून पाहिलं, तेव्हापासून 'सत्य वदवणारं औषध' ही कल्पना जगात फिरते आहे. २००४ मध्ये तेलगी घोटाळ्यातल्याच आरोपींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने चाचणीला मोकळीक दिली. नुसती चाचणी म्हणजे कंपल्शन नव्हे, पुढे जबाब आरोपीविरुद्ध वापरला जाईल तेव्हा पाहू, असा त्याचा रोख होता. कर्नाटक उच्च न्यायालयानेही कोरमंगला ठाण्याच्या खटल्यात परवानगी दिली. त्याविरुद्धचं अपील, इतर राज्यांतल्या अपिलांसह, 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या नावाने सर्वोच्च न्यायालयात उभं राहिलं.

सरकारी पक्षाचा एक युक्तिवाद ऐकायला सहृदय वाटतो. थर्ड डिग्रीपेक्षा हे बरं नाही का? मार नाही, रक्त नाही, डॉक्टर शेजारी उभा. न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. एक गैरवर्तन टाळण्यासाठी दुसरं चालवून घ्या, असं त्याचं स्वरूप होतं. ५ मे २०१० रोजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. रवींद्रन आणि न्या. पांचाल यांनी निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या इच्छेविरुद्ध कोणावरही करता येणार नाहीत.

मला या निकालात सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी. आरोपीने संमती दिली, तरी गुंगीत निघालेला जबाब पुरावा म्हणून चालणार नाही, कारण बोलताना त्याचा आपल्या उत्तरांवर जाणता ताबा नसतो. निव्वळ फोर्स सोडला, तर मी आतापर्यंत सांगितलेल्या प्रत्येक शब्दात, अगदी कोअर्शनमध्येसुद्धा, माणूस स्वतः निवड करतो. वाईट पर्यायांतून करतो, घाबरून करतो, पण करतो. तेरा वर्षांच्या त्या विधवेनेही केली. पेंटोथॉल निवड करणाऱ्यालाच बाजूला सारतं. त्याला धमकावत नाही, मोहात पाडत नाही, समजावत नाही. इंग्रजीत याला नेमका शब्द नाही. न्यायालयाने कंपल्शनचा अर्थ ताणून त्यात हे बसवलं, आणि योग्य केलं.

पण निकालाने एक दार उघडं ठेवलं. आपखुशीने चाचणी करून घेतली आणि तिच्यातल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली तेवढी माहिती चालू शकेल, असं त्यात म्हटलं होतं. म्हणून 'आपखुशीने' या शब्दावर आता सगळा भार आहे. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका जामीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की संमतीशिवाय नार्को नाही. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ मध्ये, कबुलीजबाब अग्राह्य ठरवणाऱ्या आमिष, धमकी आणि वचन यांच्या जोडीला कोअर्शन हा शब्द नव्याने घातला गेला आहे. कागदावर शब्द वाढताहेत. कोठडीत मात्र संमती कशी मागितली जाते? 'निर्दोष असशील तर भीती कसली?' या वाक्यात धमकी नाही. वचन नाही. मारही नाही. पण नकार दिला की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. चाचणीला नाही म्हणाला, एवढ्या बातमीवर उद्याच्या वर्तमानपत्रात माणूस निम्मा दोषी ठरतो. हे मन वळवणं नव्हे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली पॉलिग्राफसाठी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं सेल्वी निकालाने या चाचण्यांना लागू केली. संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील हजर हवा, आरोपी किती काळ कोठडीत आहे आणि चौकशी कशी झाली याचा विचार दंडाधिकाऱ्याने करायचा. चांगली तत्त्वं आहेत. त्यांत मला दोन गोष्टी हव्या आहेत. या शहराच्या कोठड्यांत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, बंगाली बोलणारी माणसं असतात आणि संमतीचा मसुदा त्यांच्या भाषेत असेलच असं नाही. आरोपीच्या स्वतःच्या भाषेत दंडाधिकाऱ्याने विचारावं, 'तू नाही म्हणालास तर काय होईल, असं तुला कोणी सांगितलं आहे?' आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत, पोलीस खोलीबाहेर असताना, लिहून घ्यावं. दुसरी गोष्ट, त्याने नकार दिला तर तो नकार तपासाच्या कागदात, जामिनाच्या अर्जात किंवा पत्रकारांपुढे कोणीही संशयाचं कारण म्हणून वापरू नये, आणि वापरला तर त्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नवं कलमही लागत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका परिपत्रकाने हे उद्यापासून सुरू होऊ शकतं, आणि या सभागृहात बसलेल्या वकील मंडळींनी तशी मागणी करावी, अशी माझी विनंती आहे.